पहिला हंडा

दुसरी फीत धोंडीतात्याच्या शेळीनं खाल्ली.

मी तेव्हा नळकोंडाळ्यापाशीच होते. डोक्यावर भरलेला हंडा, त्यावर कळशी, कमरेवर आणखी एक कळशी, आणि समोर ही बया. लाल चकचकीत फितीचं टोक तिनं तोंडात धरलं होतं आणि शेवई ओढावी तशी ती फीत आत ओढत होती. मला हसू आवरेना. डोक्यावर हंडा असताना हसू नये, पाणी मानेवरनं थेट पाठीत उतरतं. उतरलं.

"अगं रोहिणी, हाकल की तिला!" चावडीच्या पायरीवरनं भाऊजी ओरडले. भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर हणमंतराव, आणि कारवटवाडीचे सरपंच.

"कशानं हाकलू? हात कुठं रिकामा आहे?"

भाऊजी धावत आले, शेळीच्या तोंडातनं फीत ओढली. अर्धीच निघाली, तीही ओली. ती हातात धरून ते असे उभे राहिले की जसं काही घरातलं कुणी गेलंय.

"परवा साहेब येणार, आनि हिनं बघ काय केलं."

"येणार का नक्की?"

"येणार म्हंजे येणारच."

"मागच्या वेळीही येणारच होते. फीत वाट बघून बघून उन्हानं पांढरी झाली तेव्हा. ही निदान कुणाच्या तरी पोटात गेली."

"तुझं तोंड लय चालतं," भाऊजी म्हणाले आणि तिसरी फीत आणायला निघून गेले.

चालणारच. मी तालुक्याच्या गावात वाढलेली. आमच्या माहेरी स्वयंपाकघरात नळ होता, आणि त्याचं मला कधी कौतुक वाटलं नव्हतं. लग्न होऊन या डोंगरावर आले तेव्हा पहिल्या सकाळी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, हातात चुंबळ दिली. चुंबळ, म्हणजे डोक्यावर हंड्याखाली ठेवायची ती फडक्याची गुंडाळी, कशाशी खातात ते मला ठाऊक नव्हतं. पाणी उंबराच्या झऱ्यावर, आणि झरा गावाच्या खाली, लांबलचक उताराच्या तळाशी. जाताना पाय घसरतो, येताना दम निघतो. पावसाळ्यात इथं पाऊस असा कोसळतो की माणूस माणसाला दिसत नाही, पण ते सगळं पाणी खाली धरणात जातं आणि आम्ही त्याच्यामागे हंडा घेऊन उतरतो.

मग नळयोजना आली. खोटं कशाला बोलू, भाऊजींनी तिच्यासाठी जिवाचं रान केलं होतं. दसऱ्याच्या आधी सगळं तयार झालं. टेकाडावर टाकी, टाकीत काठोकाठ पाणी, चावडीसमोर चार तोट्यांचं नळकोंडाळं आणि त्याच्यामागे जमिनीत लोखंडी झाकणाखाली व्हॉल्व. चावी फिरवली की झालं. पण चावी फिरवायची कुणी? साहेबांनी. आणि साहेब कधी येणार? ते देवाला ठाऊक, आणि देवही फोन उचलत नव्हता.

त्यात ती भिंत. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तालुक्याच्या पेंटरनं सतरा रंगीत चौकोन काढले होते. भाऊजी कसल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आले होते, तिथं त्यांना समजलं होतं की जगातल्या सगळ्या देशांनी मिळून माणसाच्या भल्यासाठी सतरा ध्येयं ठरवलीयत. गरिबी नको, भूक नको, बाईमाणसाला समान मान, असं सगळं. आमच्या पंचायतीनं त्यातलं पाण्याचं निवडलं. सहावा चौकोन, निळा. त्यात पेल्याचं चित्र आणि खाली ठळक अक्षरात 'सर्वांना शुद्ध पाणी'. त्याच्या बरोब्बर खाली नळ, नळाला फीत. आणि त्या भिंतीसमोरनं आम्ही साऱ्याजणी डोक्यावर हंडे घेऊन झऱ्याची वाट चालायचो. हसावं का डोकं आपटावं, तुम्हीच सांगा.

एकदा जेवताना मी विषय काढलाच. "भाऊजी, साहेब येतील तेव्हा येतील. तोवर नळ सोडा की. पाणी काय शिळं होतं का?"

"तसं करता येत न्हाय."

"का?"

"प्रोटोकॉल असतो."

"तो काय पितो का?"

आमचे हे ताटात बघून हसले. भाऊजींनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "हे बघ रोहिणी, ही जागतिक ध्येयं हायत. त्याला दोन हजार तीसपर्यंत मुदत दिलीय. सगळ्या जगाला दिलीय. तुलाच तेवढी घाई."

मी आमटी वाढली, जरा जोरातच वाढली.

मला घाई होती ती माझ्यासाठी नव्हे. कांचनताईसाठी होती. कांचनताई म्हणजे माझी थोरली जाऊ, भाऊजींची बायको. तिला आठवा लागला होता. याआधी दोनदा तिची कूस रिकामी झाली होती. दुसऱ्यांदा तर त्या उतारावरच, डोक्यावर हंडा असताना. माहेरी आई नव्हती, त्यामुळे बाळंतपण इथंच होतं. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी भाऊजींना समोर बसवून बजावलं होतं की हिनं काही उचलायचं नाही, उतारावर पाऊल टाकायचं नाही. भाऊजींनी मान डोलावली होती. तेव्हापासून तिच्या वाट्याचं पाणीही मीच आणत होते, आणि दर खेपेला तो निळा चौकोन बघून माझं पित्त खवळत होतं.

आणि कांचनताई कशी, तर नवऱ्याच्या बाजूची! "असू दे गं. त्यांची इज्जत हाय त्यात. साहेबांनी सोडलेल्या पाण्याला किंमत येती."

"आणि माझ्या मानेला?"

"तुझी मान मी चेपून देते की, ये." आणि खरंच तेल घेऊन बसायची. अशा बाईशी भांडायचं तरी कसं?

पुरुषांचं विचाराल तर घरात दोन धडधाकट पुरुष होते. मी एकदा ह्यांना म्हटलं, "तुम्ही आणा की दोन हंडे."

"मी?" ह्यांनी मागं वळून बघितलं, मी दुसऱ्या कुणाशी तर बोलत नाही ना म्हणून. "हंडा घेऊन? त्या बायकांच्या पाणवठ्यावर?"

"डोक्यावर नको, खांद्यावर घ्या."

"गाव काय म्हणंल?"

आमच्याकडे पुरुष पोत्याचं ओझं वाहतो, पेंढ्या वाहतो, वेळ पडली तर आजारी म्हशीलाही टेकू देतो. हंडा मात्र नाही. हंड्याला हात लावला की त्याची मिशी गळून पडते. सुनांना हे कुणी समजावून सांगत नाही, आपोआप कळतं.

चोरून नळ सोडावा म्हटलं तर चावी भाऊजींनी अशा जागी ठेवली होती की बोलायची सोय नाही. खंडेनवमीला आम्ही घरातली हत्यारं पुजतो. कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, अडकित्तासुद्धा. त्या वर्षी भाऊजींनी त्या ओळीत व्हॉल्वची चावीही मांडली. हातभर लांबीची, लोखंडी, वर आडवी मूठ. कांचनताईनं तिला हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. आत्याबाई नेहमीप्रमाणे दाराच्या चौकटीशी उभ्या होत्या. मामंजी गेल्यापासून सणासुदीला त्या आपणहून मागे सरकायच्या, कुणी सांगावं लागत नव्हतं. दसऱ्याला कोयते-कुऱ्हाडी कामाला लागल्या. चावी मात्र भाऊजींनी उचलून देव्हाऱ्यात ठेवली. म्हणाले, "देवापुढची वस्तू हाय. साहेबांच्या हातीच जाईल. तोवर कुणी हात लावायचा न्हाय." झालं! रोज सकाळी देवांना गंध लावताना चावीलाही लागायला लागलं. पाणी टाकीत, चावी देवात, आणि आम्ही उतारावर.

दिवाळी झाली. तिसऱ्या फितीसाठी तिसरी तारीख आली, येता सोमवार. आणि त्याच्या आधल्या आठवड्यात माझा पाय घसरला.

उंबराच्या वळणावर शेवाळलेला दगड आहे, त्याला सगळ्याजणी ओळखून असतात. मीही होते. पण मनात भाऊजींशी भांडत होते, त्यामुळे लक्ष नव्हतं. हंडा एकीकडे, मी दुसरीकडे. घोटा संध्याकाळपर्यंत एवढा सुजला की पाय जमिनीला टेकवेना. आत्याबाईंनी आंबेहळदीचा लेप घातला, वरनं फडकं बांधलं.

पहिले दोन दिवस शेजारणींनी हंडे टाकले. पण त्यांनी तरी किती करावं? ज्याच्या त्याच्या घरी माणसं, जनावरं. आत्याबाईंचे गुडघे केव्हाच गेलेले. मी भाऊजींना ऐकू जाईल असं विचारलं, "आता पाण्याचं काय?"

"सोमवारपर्यंत भागवा कसंतरी. साहेब येणारच हायत."

"आणि नाही आले तर?"

"अशुभ बोलू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पायरीवर पाय लांब करून तांदूळ निवडत होते. कांचनताई आतनं आली. कमरेवर कळशी.

"ताई, कुठं?"

"एकच आनते. छोटी तर हाय."

"ठेव ती! ठेव आधी! डॉक्टरीणबाई काय म्हणाल्यात?"

"अगं, दुपारची भाकरी कशात मळू? थुंकीत?" ती हसली. "त्यांना आत्ता कायतरी बोललीस तर बघ हां. आधीच त्यांच्या डोक्याला ताप." आणि पदर खोचून निघालीसुद्धा.

मी ओरडले. आत्याबाई गोठ्यातनं बाहेर आल्या. मी काठी घेतली, लंगडत निघाले, त्या माझ्यामागे. आम्ही दोघी लंगड्या आणि पुढे ती पोटुशी, पण तिच्या पायाला उताराची सवय होती. उताराच्या तोंडाशी पोचून खाली बघितलं तर ती वळणावर होती. पाणी भरून परत निघालेली, पण उभी नव्हती. त्याच शेवाळलेल्या दगडाशी खाली बसली होती. कळशी गडगडत जाऊन झुडपात अडकली होती आणि तिचा एक हात पोटाखाली होता.

"कांचन!" आत्याबाईंनी हाक मारली.

"काय न्हाय आत्या," खालनं आवाज आला, "जरा कळ आली. बसते अशीच."

पाणी भरायला आलेल्या दोघीजणी तिच्याकडे पळाल्या. याच जागी, देवा, याच जागी. मी आत्याबाईंकडे वळले, तर त्या तिथं नव्हत्या. पाठमोऱ्या घराकडे निघाल्या होत्या, आणि त्यांच्या गुडघ्यांना मी तेवढं भरभर चालताना कधीच बघितलं नव्हतं. मला वाटलं, काही औषध आणायला गेल्या असतील.

त्या घरातनं बाहेर पडल्या तेव्हा त्यांच्या हातात ती चावी होती. गंध लावलेली, वाळलेलं झेंडूचं फूल अजून मुठीला अडकलेलं. दुसऱ्या हातात हंडा.

चावडीसमोर भाऊजी सोमवारसाठी पताका बांधत होते. सोबत गावातली चारदोन माणसं. त्यांनी आईला येताना बघितलं आणि शिडीवरनं खाली उतरले.

"आई, चावी का आनलीस? ती देवापुढची—"

"झाकण काढ."

"आई, सोमवारी साहेब येनार हायत. दोन दिवसाचा प्रश्न हाय."

"झाकण काढ म्हणते ना."

भाऊजी झाकणावर पाय ठेवून उभे राहिले. गावासमोर आईशी असं वागताना त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. इकडे तिकडे बघितलं, आवाज खाली आणला, पण एवढासा चौक, सगळ्यांना ऐकू गेलं. "आई, तू तरी नको. नवं पानी हाय. पैला हात सवाष्णीचा लागतो. तू..."

पुढचं बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती.

मला वाटलं की ही काठी आता भाऊजींच्या पाठीत घालावी. आत्याबाई मात्र तशाच उभ्या. पदर डोक्यावरनं घसरला होता, तो त्यांनी चावी धरलेल्या हातानंच सारखा केला.

"सवाष्णीचा हात पाहिजे व्हय?" त्या म्हणाल्या. "ती बघ तिकडं उतारावर बसलीय तुझी सवाष्ण. पोट धरून. जा, आन तिला उचलून. तिलाच फिरवू दे चावी."

भाऊजींना कळायला क्षणभर लागला. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी नुसती मान हलवली. मग तो माणूस जो पळाला, पायात चप्पल नाही, हातात पताकांची दोरी तशीच, त्या पताका त्यांच्यामागे उतारापर्यंत फरफटत गेल्या.

झाकणावरचा पाय निघाला होता. आत्याबाईंनी खाली बसून झाकण सरकवलं, चावी आत घातली. फिरेना. गंज नव्हता, पण व्हॉल्व नवा, घट्ट बसलेला. मी लंगडत जाऊन शेजारी बसले, मुठीचं दुसरं टोक धरलं. दोघींनी जोर लावला. आधी नळातनं नुसती हवा खोकत बाहेर आली, मग गढूळ, मग स्वच्छ.

आत्याबाईंनी फीत तोडली नाही. दोन बोटांनी वर उचलली, तिच्याखालनं हंडा सरकवला आणि सोडून दिली. हंडा भरायला लागला. त्या आवाजानं घराघरांतनं बायका बाहेर आल्या आणि लांबच उभ्या राहिल्या. कुणी पुढं येईना. पाण्यासाठी जीव टाकणाऱ्या बायका, पण पहिलं पाणी विधवेच्या हातचं, म्हणून प्रत्येकजण दुसरीकडे बघत होती. मला असा संताप आला!

"काय गं," मी ओरडले, "जत्रा बघायला आलाय का? भांडी कुठायत तुमची?" आणि चावडीच्या पायरीवरची पाण्याची रिकामी घागर उचलून मी तोटीखाली धरली. मग धोंडीतात्याची बायको बादली घेऊन आली. तिच्यामागनं सगळ्याच आल्या आणि कोंडाळ्यावर भांडणं सुरू झाली. भांडणं सुरू झाली म्हटल्यावर मला बरं वाटलं.

कांचनताईला भाऊजींनी पाठुंगळी नव्हे, लहान पोरासारखं दोन्ही हातांवर उचलून वर आणलं. जीपनं तालुक्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी भाऊजींना काय काय ऐकवलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. बाळ सुखरूप होतं. बाळंत होईपर्यंत अंथरुणातनं उठायचं नाही, एवढं सांगून दोन दिवसांनी घरी पाठवलं.

आणि सोमवारी साहेब आले नाहीत!

त्यानंतर आमच्या गावानं जे केलं ते बघून मी कपाळाला हात लावला. नळ चालू राहिला, पण फीतही तशीच राहिली. उद्घाटन व्हायचंच होतं ना! बायका रोज फीत वर उचलायच्या, हंडा भरायच्या, फीत खाली सोडायच्या. बाहेरचं कुणी आलं की सांगायचं, 'न्हाय बा, पानी अजून सुटलं न्हाय.' धोंडीतात्याच्या शेळीचा फितीचा नाद सुटला होता, तिला आता नळाची सवय लागली. दुपारी येऊन ठिबकणाऱ्या तोटीला तोंड लावून उभी राहायची. चावी पुन्हा देव्हाऱ्यात गेली नाही. आत्याबाईंनी ती दाराआडच्या खुंटीला, उलथन्याशेजारी अडकवली. भाऊजींनी तिकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

आईच्या डोळ्याला डोळाही ते देत नव्हते. चुकलो म्हणायला जीभ रेटत नव्हती आणि चुकलो नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं. आत्याबाई त्यांना पहिल्यासारखंच वाढायच्या. मलाच राहवलं नाही, मी म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही त्यांना काही बोलत का नाही?" तर म्हणाल्या, "मी बोलून काय? पेरलंय, उगवंल तेव्हा उगवंल."

कांचनताईला मुलगी झाली. काळीसावळी, ठणठणीत, रडायला लागली की शेजारच्या वाडीला ऐकू जावं अशी. ती घरी येऊन आठवडा होतो न होतो तोच निरोप आला की साहेब नाहीत, जिल्ह्याच्या मोठ्या मॅडम येणार, आणि त्या मात्र उद्या सकाळी येणार.

गावाची तारांबळ उडाली. ओल्या जमिनीवर राख टाकली, राखेवर कोरडी माती. नवी फीत बांधली. भाऊजींनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. सकाळपासून माइकवाला 'हॅलो, हॅलो' करून कान किटवत होता. आणि या गडबडीत कोंडाळ्यावर पाण्याला कुणाला फिरकू देईनात, त्यामुळे आमच्या घरात बाळंतिणीच्या न्हाणाचं पाणी भरायचं राहून गेलं.

मॅडम खरंच आल्या. वेळेवर आल्या, हा सगळ्यात मोठा धक्का. साधी साडी, पायात बूट. भाऊजींनी त्यांना भिंत दाखवली, सतराच्या सतरा चौकोन वाचून दाखवले. मग माइकवर भाषण. आमचं गाव, आमचा संकल्प, शेवटच्या माणसापर्यंत पाणी. बायकांना पुढं बसवलं होतं. आत्याबाई सगळ्यांच्या मागे, धोंडीतात्याच्या कुंपणाशी उभ्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं.

कात्रीचं ताट पुढं आलं. मॅडमनी कात्री उचलली आणि त्यांची नजर खाली गेली.

"सरपंच, हे कोंडाळं नवं आहे ना?"

"एकदम नवं, मॅडम."

"वापर अजून सुरू नाही?"

"आपल्याच हस्ते व्हायचाय."

"मग हे शेवाळ कधी आलं?"

राख जमिनीवर टाकली होती, पण तोटीखालच्या दगडावरचं हिरवं शेवाळ कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि तेवढ्यात, मला देवाची शपथ, धोंडीतात्याची शेळी गर्दीतनं वाट काढत आली, ताटाशेजारनं, मॅडमच्या बुटांशेजारनं, आणि रोजच्यासारखी तोटीला तोंड लावून उभी राहिली.

मी ओठ असे दाबून धरले होते की दुखायला लागले.

"हिला उद्घाटनाचं सांगायचं राहिलं वाटतं," मॅडम म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. उलट कात्री ताटात ठेवून त्यांनी विचारलं, "पाणी सोडलंत ते बरंच केलंत. मला एवढंच सांगा, पहिला हंडा कुणी भरला?"

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं. तुमचं तुम्ही निस्तरा, भाऊजी. माइक त्यांच्या हातात होता, चालू होता, त्यांचा श्वास साऱ्या वाडीला ऐकू जात होता.

"आमच्या आईनं," ते म्हणाले. "मी तिला नको म्हनालो हुतो. समद्या गावासमोर म्हनालो हुतो. म्हनून समद्यांसमोर सांगतो. चुकलं माझं."

माणसं वळली. कुंपणाशी आत्याबाई होत्या. मॅडम स्वतः त्यांच्यापर्यंत गेल्या, म्हणाल्या, "आजी, चला. फीत तुम्ही कापा."

आत्याबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग लेकाकडे.

"फीत त्या शेळीला घाला, तिला आवडती. माझी नात सकाळधरनं बिनआंघोळीची हाय तुमच्या भाषणापायी." त्या गर्दीतनं पुढं आल्या, आमच्या घरचा रिकामा हंडा मी बरोबर आणला होता, तो माझ्या हातनं घेतला, फितीखाली सरकवला आणि तोटी सोडली. भरला तशी बंद केली. "हणमा, उचल."

"मी?" भाऊजी म्हणाले.

"मग कोन? रोहिणीचा पाय अजून धड न्हाय, आनि माझं गुडघं तुला ठाऊक हायत."

भाऊजींनी माइक ह्यांच्या हातात दिला. वाकले. हंडा कसा धरायचा ते त्यांना ठाऊकच नव्हतं, एकदा निसटला, पाणी हिंदकळून इस्त्रीच्या शर्टावर सांडलं. गावातला एकही पुरुष हसला नाही. शेवटी हंडा खांद्यावर गेला, एका हातानं काठ धरून ते वाकडेतिकडे चालत आमच्या घराच्या वाटेला लागले. आत्याबाई मागनं, एका हातानं पदर सावरत.

मॅडमबरोबर आलेला फोटोवाला भानावर आला. कॅमेरा घेऊन धावला. "सरपंच! ओ सरपंच! जरा थांबा, इकडं बघा, एक फोटो!"

"मागनंच काढा," भाऊजी न वळता म्हणाले, "पानी सांडतंय."